घर परीक्षेच्या बाहेर ठेवा

(साने गुरुजी जयंतीनिमित्त डिसेंबर २०२५ मध्ये दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



आज २४ डिसेंबर. १८९९ साली आजच्या दिवशी दापोली तालुक्यातल्या पालगडला पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म झाला. त्यांच्या नावाच्या व्याख्यानमालेत विषय निवडायची मोकळीक मिळाली तेव्हा मी दहावीचं वर्ष मागून घेतलं. येत्या २० फेब्रुवारीला राज्य मंडळाची दहावीची लेखी परीक्षा सुरू होते आहे. हातात आठ आठवडे उरले आहेत आणि समोरच्या कितीतरी आईबाबांच्या चेहऱ्यांवर मला ते आठ आठवडे दिसताहेत. हे झालं तातडीचं कारण. त्याहून मोठं कारण गुरुजींच्या आयुष्यातच आहे.

गुरुजींचं शालेय शिक्षण फार ओढाताणीत झालं. घरची परिस्थिती खालावलेली, शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे अशी वणवण. १९१७ साली त्यांची आई गेली आणि १९१८ साली ते पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातून मॅट्रिक झाले. पुढे १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आले. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, तेव्हा तिथे काय काय केलं याच्या आठवणी त्यांच्या विद्यार्थ्यांनी लिहून ठेवल्या आहेत. मुलं शाळेत गेली की त्यांच्या खोल्या झाडणं, पसारा आवरून ठेवणं, आजारी मुलाच्या उशाशी बसणं. शिवाय रोज स्वतःच्या हातानं लिहून ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक मुलांसाठी लावत असत. मॅट्रिकच्या उंबरठ्यावर ज्याची आई गेली, तो तरुण काही वर्षांनी दुसऱ्यांच्या मुलांची अंथरुणं घडी करून ठेवत होता.

मी आयुष्यभर दहावीच्या वर्गाला गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर शाळांमधून समुपदेशनाचं काम करते. या सगळ्या काळात माझं जे मत बनत गेलं ते आधीच सांगून टाकते. दहावीच्या वर्षी मुलाला शिकवणारे पुष्कळ असतात. शाळेतले सर असतात, क्लासचे सर असतात, यूट्यूबवर तर रात्री दोन वाजताही कुणीतरी भूमितीचं प्रमेय समजावून देत असतं. तपासणारेही पुष्कळ असतात. पण छात्रालय सांभाळणारं माणूस घराशिवाय कुठेच मिळत नाही. म्हणून माझं मागणं एकच आहे. हे एक वर्ष आपलं घर परीक्षेच्या बाहेर ठेवा.

आज बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. नववीचा शेवटचा पेपर संपतो आणि दुसऱ्या दिवशी व्हेकेशन क्लास सुरू होतो. दिवाळीला गावी जायचं नाही ठरतं, मामाच्या लग्नाला मुलगा फक्त अक्षतांपुरता येतो. पूर्वी घराघरांतून केबल बंद व्हायची, आता वाय-फायचा पासवर्ड बदलतो. पाहुणे कुजबुजत बोलतात. धाकट्या बहिणीला मोठ्यानं हसायची चोरी. यातलं प्रत्येक पाऊल आईबाप मायेपोटीच उचलतात, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण पंधरा वर्षांचं मूल त्यातून काय वाचतं? या घरात आता एकच गोष्ट मोजली जाते आहे आणि ती माझ्या हातात आहे. एवढं ओझं कुठल्याच मुलाला पेलत नाही.

भीती कमी करायची तर आधी ती परीक्षा नीट माहीत असली पाहिजे. मी पालकसभांमध्ये विचारते, भूमितीचा पेपर किती गुणांचा असतो? बरेच जण शंभर म्हणतात. तो चाळीस गुणांचा असतो, दोन तासांचा. बीजगणिताचाही तेवढाच, आणि उरलेले वीस गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. विज्ञानाचे दोन भाग चाळीस-चाळीसचे आणि वीस प्रात्यक्षिकाचे. इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोलाचंही तसंच. भाषांचे पेपर ऐंशी गुणांचे, वीस गुण तोंडी परीक्षा वगैरेंचे. एकूण सहाशे, पण टक्केवारी धरताना ज्या पाच विषयांत सर्वाधिक गुण आहेत ते घेतात, म्हणजे पाचशेपैकी. एखादा विषय घसरला तरी सगळं कोसळत नाही, अशी सोय मंडळानंच करून ठेवलेली आहे. पेपर अकराला सुरू होतो, साडेदहाला केंद्रावर पोचायचं असतं आणि २०२३ पासून शेवटी दहा मिनिटं वाढवून मिळतात. ही माहिती घरातल्या मोठ्यांना असेल तर ‘यंदा बोर्ड आहे’ हा मोघम धाक थोडा तरी आटोक्यात येतो.

आणि निकालाकडेही डोळे उघडून पाहू या. २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यातले पंधरा लाखांहून अधिक नियमित विद्यार्थी दहावीला बसले, त्यातले ९४.१० टक्के उत्तीर्ण झाले. २११ जणांना शंभर टक्के मिळाले. वर्तमानपत्रांत फोटो या २११ जणांचे आणि नव्वदच्या वरच्यांचे येतात, म्हणून प्रत्येक आईला वाटतं की नव्वद म्हणजे सर्वसाधारण. ते तसं नाही. साठ-पासष्ट टक्क्यांची मुलं या राज्यात लाखांनी आहेत. ती पुढे परिचारिका होतात, इलेक्ट्रिशियन होतात, वकील होतात, पिढीजात शेती नीट करतात. त्यांचे फोटो कुणी छापत नाही एवढंच.

आता अभ्यासाविषयी थोडं बोलते, कारण घराघरांतली बरीच भांडणं अभ्यास कशाला म्हणायचं यावरूनच होतात. मूल पुस्तक उघडून बसलेलं दिसलं की आपल्याला बरं वाटतं. ते पुस्तक मिटून छताकडे बघत असेल तर आपला आवाज चढतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी पुन्हा न वाचता, आठवेल तेवढा कागदावर लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा चित्र उलटलं. आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात कितीतरी जास्त राहिलं होतं. असे निष्कर्ष पुढेही अनेकदा आलेले आहेत. पुस्तक मिटून आठवायचा प्रयत्न करणं, चुकणं, पुन्हा उघडून बघणं, हाच पक्का अभ्यास असतो. तीन रंगांच्या पेनांनी रेघा ओढत तोच धडा चौथ्यांदा वाचणारं मूल कष्टाळू दिसतं, पण त्याच्या हाती फारसं काही लागत नाही.

यात आईबापांसाठी एक मोठी गोष्ट दडलेली आहे. मी एक आई पाहिली आहे, जिची स्वतःची शाळा चौथीत सुटली. संध्याकाळी ती भाजी निवडायला बसायची आणि लेकीला म्हणायची, आज शाळेत काय झालं ते मला सांग. मुलगी कधी विद्युतधारेचा परिणाम सांगायची, कधी संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. आई मध्येच विचारायची, म्हणजे काय गं? मुलगी अडायची, पुस्तक बघायची, पुन्हा सांगायची. त्या आईला विज्ञानातलं काही तपासता येत नव्हतं आणि त्यामुळेच मुलीला तिच्यासमोर अडायची भीती वाटत नव्हती. कोणत्याही टेस्ट सिरीजमध्ये ही सोय मिळणार नाही. शिकलेल्या पालकांना मी सांगते, तुम्हीही असंच ऐका. मुलगा चुकला की लगेच दुरुस्त करायला धावू नका. त्याला स्वतःला अडखळू द्या. तुमचं गणित चांगलं असेल तर त्यानं विचारल्यावर जरूर शिकवा, पण न विचारता त्याच्या वहीत डोकावू नका.

कौतुक कसं करावं यावरही एक महत्त्वाचं काम झालेलं आहे. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. काही कोडी सोडवल्यावर काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ असं सांगितलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असं. नंतर सगळ्यांना अवघड कोडी दिली. ‘हुशार’ ठरलेली मुलं लवकर खट्टू झाली, त्यांची नंतरची कामगिरी घसरली आणि आपले गुण सांगताना खोटं बोलणारीही त्यांच्यातच जास्त निघाली. ‘माझा मुलगा हुशारच आहे, फक्त अभ्यास करत नाही’ हे वाक्य मी हजारदा ऐकलं आहे. त्या मुलाच्या जागी उभं राहून बघा. अभ्यास केला आणि तरी गुण कमी आले, तर हुशारीचा शिक्काही जाणार. मग अभ्यास न करणंच त्याला सुरक्षित वाटू लागतं.

झोपेबद्दल आपल्याकडे एक समजूत फार घट्ट आहे. पहाटे चारला उठून केलेला अभ्यास डोक्यात राहतो, म्हणून मुलाला चारला उठवायचं. किशोरवयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलॅटोनिन रात्री उशिरा वाढू लागतं. अकरापर्यंत मुलाला झोपच येत नाही, हा आळस नाही आणि उद्धटपणाही नाही. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. दिवसभर जे शिकलं ते मेंदूत पक्कं होण्याचं कामही झोपेतच चालतं. रात्री अकराला झोपून पहाटे चारला उठवलेलं मूल पाच तास झोपतं आणि दिवसभर पेंगत वाचतं. ज्या मुलाला पहाटे आपणहून जाग येते त्यानं खुशाल उठावं. बाकीच्यांना सातपर्यंत झोपू द्या. फोनच्या बाबतीत मी एवढंच सांगेन की रात्री झोपताना घरातले सगळे फोन एकाच ठिकाणी, बाहेरच्या खोलीत राहावेत. सगळे म्हणजे बाबांचाही.

आता ज्यावर मला जास्त बोलायचं आहे ते म्हणजे घरातले प्रश्न. दार उघडून मूल आत आलं की पहिला प्रश्न कोणता असतो? ‘किती मिळाले?’ चाचणीचे, सराव परीक्षेचे, क्लासच्या रविवारच्या टेस्टचे. आणि लगेच दुसरा प्रश्न, ‘समोरच्या बिल्डिंगमधल्या तिला किती?’ या दुसऱ्या प्रश्नानं किती नुकसान होतं हे मी मुलांच्या तोंडून ऐकलेलं आहे. मुलं मैत्रिणीपासून तुटतात, गुण लपवतात, पेपर दप्तरात तळाशी दडपतात. घरात शिरताना ज्याला खोटं तयार ठेवावं लागतं, त्याला घरी आल्यावर विसावा कुठला? महिनाभर तरी हा पहिला प्रश्न बदलून पाहा. ‘भूक लागली का?’ हा प्रश्न पुरेसा आहे. जेवता जेवता मूल स्वतःच बोलायला लागतं. गुणांचं मग तेच सांगतं, आज नाही तर उद्या.

नातेवाइकांना आवरायचं कामही आईबापांचंच. आत्याचा फोन येतो, काकूंचा येतो, सोसायटीच्या जिन्यात कुणी थांबवून विचारतं, काय मग, नव्वदच्या वर ना? या माणसांना वाईट हेतू नसतो. पण मुलाच्या देखत बाबांनी शांतपणे ‘त्याचं त्याचं छान चाललंय’ एवढं म्हणून विषय बदलला, तर मुलाला कळतं की हे माणूस माझ्या बाजूला उभं आहे. ती जाणीव फार दिवस पुरते. आणि मूल खोलीत असताना पलीकडे फोनवर ‘आम्हाला तर बाई या वर्षाचं फार टेन्शन आलंय’ असं बोलू नका. भिंती पातळ असतात.

मुलींविषयी वेगळं बोलायला हवं. २०२५ च्या निकालात मुलींचं उत्तीर्ण होण्याचं प्रमाण ९६.१४ टक्के होतं, मुलांचं ९२.३१. हे आकडे वाचून आपण मुलींचं कौतुक करतो, पण पाणी भरून, भाकऱ्या थापून, धाकट्याला शाळेत पोचवून त्या अभ्यासाला बसलेल्या असतात हे कौतुकात येत नाही. मुलगा दहावीला असला की त्याला हातात ताट मिळतं. मुलगी दहावीला असली की ती ताट वाढून मग पुस्तक उघडते. हे आठ आठवडे भावानं पाणी भरावं, वडिलांनी कणीक मळावी. तिला सवलत म्हणून हे करू नका. भावाला मिळालं तेच तिलाही मिळालं पाहिजे म्हणून करा.

या राज्यात अशीही मुलं आहेत ज्यांचे आईवडील आत्ता, या क्षणी, त्यांच्याजवळ नाहीत. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला गेलेली कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला निघतात आणि परततात तोवर दहावीची परीक्षा होऊन गेलेली असते. मूल मागे राहतं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. त्या मुलांसाठी कुणाच्या तरी ओसरीवर दोन तास दिवा आणि शांतता मिळावी, पेपरच्या दिवशी केंद्रापर्यंत कुणीतरी सोबत जावं, एवढं गावातल्या चार माणसांना ठरवता येतं. अमळनेरचं छात्रालय गुरुजींना कुणी बांधून दिलेल्या आदर्शावर चाललेलं नव्हतं. ज्यांची आई जवळ नाही अशी मुलं समोर होती आणि त्यांचं करणारं कुणीतरी हवं होतं.

एक गोष्ट इथे थोडक्यात, पण आवर्जून. काही मुलं तोंडी सगळं नीट सांगतात आणि कागदावर मात्र अक्षरं उलटसुलट होतात, आकडे सरकतात, वेळ पुरत नाही. हा अध्ययन अक्षमतेचा प्रकार असू शकतो. अशा मुलांना मंडळाकडून जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यासाठी अधिकृत वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं आणि ते मिळायला वेळ जातो. ज्यांची मुलं आत्ता आठवी-नववीत आहेत त्यांनी आत्ताच शाळेशी बोलावं.

आता अवघड विषयाकडे येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपलं आयुष्य संपवलं आणि राज्यवार संख्येत महाराष्ट्र सर्वांत वर होता. ही सगळी मुलं परीक्षेमुळे गेली असं मी म्हणणार नाही. अशा घटनेमागे एकच कारण कधीच नसतं. पण परीक्षेच्या आणि निकालाच्या दिवसांत आपल्या मुलांवर लक्ष ठेवायला हवं, एवढं हा आकडा आपल्याला बजावतो.

लक्ष ठेवायचं म्हणजे काय पाहायचं? खूप दिवस झोप उडालेली आहे किंवा मूल दिवसभर झोपूनच आहे. जेवण सुटलं आहे. आवडत्या खेळाकडे, मित्रांकडे पाठ फिरवली आहे. आपल्या जपलेल्या वस्तू दुसऱ्यांना देऊन टाकतंय. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून मनगटं झाकतंय. ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास’, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं काही बोलून गेलं आहे. हे शेवटचं तर कधीही हसण्यावारी नेऊ नका, रागावूही नका. जवळ बसा आणि सरळ विचारा, जीव नकोसा झाल्यासारखं वाटतंय का तुला? अनेक पालकांना वाटतं की विचारलं तर नसलेला विचार मनात येईल. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारल्यावर मुलाला मनातलं बोलायची वाट सापडते. त्यानं हो म्हटलं तर त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, क्रमांक १४४१६. फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीतून बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असतात. मंडळही परीक्षेच्या काळात समुपदेशकांचे क्रमांक जाहीर करतं, ते शाळेत विचारून घ्या. आणि शेतकरी घरांतून आलेल्या सगळ्यांना हात जोडून सांगते, फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि किल्ली मोठ्या माणसाकडे ठेवा. मनात आलेला असा झटका पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. तो थोडा वेळ हाताशी काही मिळालं नाही, तर जीव वाचतो.

परीक्षेच्या दिवसांबद्दल फार सांगायची गरज नाही. केंद्र आधी एकदा बघून या, एसटीची वेळ, रस्त्यावरची गर्दी कळते. रिसीट, दोन-तीन पेनं, कंपास, पाण्याची बाटली रात्रीच भरून ठेवा. सकाळी पोटाला रोजचंच जेवण, त्या दिवशी नवीन पदार्थ नको. केंद्राच्या फाटकापाशी शेवटच्या मिनिटापर्यंत प्रश्न विचारत उभे राहणारे पालक मी दरवर्षी पाहते, त्यांच्या घोळक्यातून आपल्या मुलाला जरा दूर घेऊन थांबा. पेपर सुटल्यावर प्रश्नपत्रिका उघडून गुणांची बेरीज करायची पद्धत आहे, ती कृपा करून बंद करा. झालेला पेपर आता बदलत नाही. त्या बेरजेनं पुढच्या पेपरची संध्याकाळ मात्र बिघडते. मूल रडत बाहेर आलं तर रडू द्या. ‘एवढं काय त्यात’ असं म्हणू नका, त्याच्यासाठी त्यात बरंच काही असतं.

आणि नापास झालं तर? हा प्रश्न घरात मोठ्यानं, परीक्षेच्या आधी, एकदा तरी बोलला गेला पाहिजे. ‘असं अभद्र बोलू नये’ म्हणून आपण तो टाळतो. मुलाच्या मनात तो रात्रंदिवस असतोच, फक्त एकट्याच्या मनात असतो. तेव्हा उत्तर तयार ठेवा, आणि उत्तर आहे. गेल्या निकालात नव्वद हजारांच्या आसपास मुलं उत्तीर्ण झाली नाहीत. त्यांच्यासाठी त्याच वर्षी, जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते. पूर्वी ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागायचं आणि वर्ष जायचं, २०१५ पासून ते बदललं. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटी घेऊन अकरावीला प्रवेश मिळतो. गुण कमी वाटले तर श्रेणीसुधार योजनेत पुन्हा बसता येतं. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, पुनर्मूल्यांकन करून घेता येतं. शाळा सुटलेल्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बसता येतं. उत्तीर्ण झालेल्यांसाठीही अकरावी ही एकच वाट नाही, आयटीआय आहे, दहावीनंतरचा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे. हे सगळं एका रविवारी दुपारी मुलासमोर बसून बोला. बोलताना आवाज नेहमीसारखा असू द्या, कारण मूल शब्दांपेक्षा आवाज ऐकतं. आणि शेवटी त्याला सांगा की निकाल काहीही लागला तरी त्या रात्री आपण चौघं एकत्र जेवणार आहोत.

आता शेवटची गोष्ट. काही पालक माझ्याकडे येतात आणि म्हणतात, बाई, आम्हाला हातावर हात ठेवून बसवत नाही, आम्ही काहीतरी करायला हवं. त्यांच्यासाठी माझ्याकडे खरंखुरं काम आहे आणि ते पूर्णपणे तुमचं आहे. २०२५ पासून राज्यभर अकरावीचे प्रवेश केंद्रीय पद्धतीनं ऑनलाइन होतात. निकाल लागला की कागदपत्रांसाठी एकच झुंबड उडते आणि पंधरा-सोळा वर्षांची मुलं मे महिन्याच्या उन्हात आईबापांबरोबर सेतू केंद्राच्या रांगांमध्ये उभी असतात. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, यातलं तुमच्या मुलाला जे लागणार असेल ते काढायला जानेवारीतच टाका. आधी काढलेलं असेल तर त्याची मुदत बघून घ्या. शाळेत जाऊन मंडळाकडे गेलेल्या यादीत मुलाचं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे ना ते तपासा. दहावीच्या प्रमाणपत्रावरची जन्मतारीख पुढे पासपोर्टपासून नोकरीपर्यंत सगळीकडे चालते आणि तिथे एक आकडा किंवा नावातला एक काना चुकला तर पुढे वर्षानुवर्षं खेटे घालावे लागतात. एका फाइलमध्ये सगळे कागद लावा, प्रत्येकाच्या दोन प्रती काढा. आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळतंय का बघा. हे करायला तुम्हाला एक-दोन दिवस सुट्टी काढावी लागेल. मुलगा त्या वेळी घरी असेल. तो अभ्यास करत असेल, कदाचित झोपलेला असेल. त्याला उठवू नका. रांगेत तुम्ही जाऊन उभे राहा.